भिंतीवरची ती मुलगी कोण?

प्रश्न : माझी लेक पुण्यातच आर्टच्या कॉलेजला सेकंड इयरला आहे. तिने खोलीत एका मुलीचा मोठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावलाय, बारीक कापलेले चंदेरी केस, काळे टाइट्स, कानात झुंबरासारखे डूल. नाव म्हणे ईडी सेजविक. "आई, 28 वर्षंच जगली पण काय जगली!" हे तिचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. त्यात गेले दोन महिने ही रात्रीची जेवतच नाहीये. कोण होती ही ईडी?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, मला फोटोपेक्षा त्या रात्रीच्या जेवणाची काळजी जास्त वाटतेय, पण आधी ईडीबद्दल सांगते, कारण दोन्हीचा संबंध आहे.

1943 चा जन्म, कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा, गडगंज घर, आठ भावंडांतली सातवी. पण अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, तिला लहान वयातच जडला आणि 1962 ला, एकोणिसाव्या वर्षी, मानसोपचारासाठी हॉस्पिटलात ठेवावं लागलं. 1964 मध्ये एका भावाने आत्महत्या केली, 1965 च्या जानेवारीत दुसरा मोटरसायकलच्या अपघातानंतर गेला, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका पार्टीत तिला अँडी वॉरहॉल भेटला, तो गाजलेला पॉप-आर्ट चित्रकार, सिनेमेही काढायचा. तुमच्या लेकीच्या भिंतीवरचा फोटो बहुतेक त्याच वर्षातला, म्हणजे ती मुलगी दोन भावांच्या दुःखातली आहे हो.

त्याच वर्षीचा, वॉरहॉलने तिच्यावर काढलेला 'पुअर लिटल रिच गर्ल' हा सिनेमा मी प्रभात रोडवर एका मैत्रिणीकडे पाहिला. पहिला अर्धा तास सगळं धूसर, आम्हाला वाटलं फाइलच खराब आहे, दोनदा बंद करून परत लावली, नंतर कळलं की लेन्सची गडबड झाली होती आणि वॉरहॉलने ते रीळ तसंच ठेवलं. मग एकदम ती स्पष्ट दिसते, सिगरेट ओढतेय, मेकअप करतेय, आलेला वारसा कसा उडवला ते सांगतेय. मैत्रीण म्हणाली, किती गोड हसते गं, पण मला तिची मनगटंच दिसत होती. ज्याला लोक तेव्हा स्टाइल म्हणत होते ना, तो आजार होता, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रसिद्धी मात्र अफाट. ऑगस्टमध्ये 'व्होग' या फॅशनच्या मासिकाने तिला 'यूथक्वेकर', म्हणजे तरुणाईची नवी लाट आणणारी, म्हणून छापलं, ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात वॉरहॉलच्या प्रदर्शनाला या दोघांना बघायला इतकी गर्दी लोटली की चित्रं भिंतीवरून उतरवून ठेवावी लागली. आणि 1966 उजाडल्यावर दोघांचं फाटलंसुद्धा, म्हणजे 28 वर्षांतलं पोस्टरवरचं वर्ष एकच, हे लेकीला नक्की सांगा.

बाकीचं गोळ्यांनी खाल्लं. तेव्हा अ‍ॅम्फेटामाइन हे तरतरी आणणारं औषध डॉक्टरच लिहून द्यायचे, त्याने भूक मरते, झोप उडते, मग झोपेसाठी बार्बिट्युरेट, आणि या औषधात झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार कमी, वर दारू घेतली की श्वासच मंदावतो. 16 नोव्हेंबर 1971 च्या सकाळी ती अंथरुणातच गेलेली सापडली, लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. अपघात की आत्महत्या ते तपासातही ठरलं नाही.

आता तुमचं. पोस्टर फाडू नका, "किती वाळलीस" असंही म्हणू नका, नुसतं शेजारी बसून जेवा. पाळी चुकतेय का, चक्कर येते का, सारखी थंडी वाजते का, जेवल्याजेवल्या बाथरूममध्ये जाते का, एवढं बघा आणि या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरकडे न्या, ते म्हणाले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे, ससूनमध्येही तो विभाग आहे. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 फिरवा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहा, मी वाट बघतेय.