त्यांचा विषय काढू की नको?

‘घरच्यांसमोर गेलेल्या माणसाचा विषय काढावा का? काढला तर खपली निघेल ना?’ हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी तक्रारीच्या आडून येतो. कुणाला झोप लागत नाही, कुणाची चिडचिड वाढलेली असते, कुणी माणसं टाळायला लागलेलं असतं. ७३ वर्षांच्या एका काकांच्या बाबतीत तो एका स्मरणिकेच्या आडून आला. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

काका बँकेतून निवृत्त झालेले, मुंबईच्या एका उपनगरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव. संघाची स्मरणिका दरवर्षी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला निघते. वर्षभरात जे सभासद गेले त्यांच्यासाठी शेवटची दोन पानं राखलेली असतात. यंदा नावं जास्त होती. काकांनी लिहायला घेतलं आणि तिथेच अडकले. पुढे संघातच जाईनासे झाले. रात्री अडीच-तीनला उठून हॉलमध्ये बसायचे. सूनबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. अक्षर सुरेख, समास आखलेला. वाचायला लागले. मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी. दुसरे सभासद, तेही मनमिळाऊ. तिसऱ्या एक बाई होत्या, त्या प्रेमळ आणि अर्थातच हसतमुख. मी नावांवर हात ठेवला आणि म्हटलं, “काका, आता सांगा, यातला कोणता परिच्छेद कुणाचा?”

ते बराच वेळ पाहत राहिले. मग रजिस्टर मिटून म्हणाले, “मॅडम, खरं लिहायचं तर घरच्यांना विचारायला हवं. आणि तेच मला जमत नाही. परवा भाजी मार्केटात आमच्या वहिनी दिसल्या. मी फुलवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांना बघून बोलायचं तरी काय?”

वहिनी म्हणजे त्यांच्या जवळच्या मित्राच्या पत्नी. रोज संध्याकाळी कट्ट्यावर शेजारी बसणारा हा मित्र फेब्रुवारीत गेला होता.

“तुम्हाला त्यांची आठवण येते का?” मी विचारलं.

“माझं काय हो? मी कोण त्यांचा? नात्यातला थोडाच आहे.”

इथे मला थोडं थांबायचं आहे. आपल्याकडे शोकाला वेळापत्रक असतं आणि ते बरंच शहाणपणाचं आहे. दहावा, बारावा, तेरावा. घर माणसांनी भरलेलं असतं, ‘शेवटी काय झालं’ हे येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा सांगावं लागतं, आणि तसं सांगता सांगताच घडलेलं पचनी पडायला लागतं. मुसलमान घरांत चाळिसावा असतो, वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नोव्हेंबर महिना मृतांच्या प्रार्थनांचा असतो. पण तेराव्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत, फार तर पितृपक्षापर्यंत, कुणी काही बोलत नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत तर पहिले तेरा दिवसही हिरावले गेले. अंत्यविधीला वीसच माणसं, भेटायला येणं बंद. त्या काळातली अडकलेली माणसं माझ्याकडे अजूनही येतात.

या वेळापत्रकात कट्ट्यावरच्या मित्राला मात्र जागाच नाही. त्याला सुतक नाही, त्याला भेटायला कुणी येत नाही. स्मशानातून येऊन आंघोळ केली की त्यानं दुसऱ्या दिवशी संघाचं वीजबिल भरायला जायचं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा शोकाची मांडणी केली. ज्या दुःखाला समाज हक्कच देत नाही, ते माणूस धड उघडपणे करू शकत नाही, आणि म्हणून ते रेंगाळतं. काका रात्री उठून बसत होते ते स्मरणिकेच्या काळजीनं, असं घरच्यांना वाटत होतं. मला तसं वाटलं नाही.

व्हॉट्सअॅपवर काकांना ‘दुःखाच्या पाच पायऱ्या’ (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) असलेला मजकूर आला होता. “मी कितव्या पायरीवर आहे?” त्यांनी अगदी पासबुकातली शिल्लक विचारावी तसं विचारलं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते ओळीनं चढावेत असा काही नियम नाही. एखाद्या दिवशी पत्ते खेळताना मजा येते आणि संध्याकाळी रिकामी जागा बघून घशाशी येतं. दोन्ही एकाच दिवशी झालं तर काही बिघडलेलं नसतं.

आता मूळ प्रश्न. विषय काढला की खपली निघते का? माझा अनुभव असा, की नवरा गेलेल्या बाईला तुम्ही त्याची आठवण ‘करून’ देऊ शकत नाही. ती त्याला विसरलेलीच नसते. डोळ्यांत पाणी येतं, खरं. पण ते तुम्ही आणलेलं नसतं, तुम्ही फक्त समोर असता. त्रास दुसऱ्याच गोष्टींनी होतो. ‘आता सावरायला हवं’, ‘सुटले बिचारे’, ‘माझ्या मावशीचंही असंच झालं’ वगैरे. किंवा शेवटच्या दिवसांची चौकशी: कुठलं हॉस्पिटल, किती खर्च, आधी का नाही नेलं.

म्हणून काकांना मी म्हटलं, सांत्वनाला जाऊ नका. काम घेऊन जा, आणि आधी विचारा. वाक्य त्यांनी स्वतःच बसवलं आणि बँकेच्या सवयीनं लिहूनही घेतलं: “वहिनी, स्मरणिकेत यांच्याबद्दल लिहितोय. थोडं बोलायचं होतं. आज नको वाटलं तर पुन्हा येईन.” सोबत एक प्रसंग न्यायचा, गुणांची यादी नाही. कोणता प्रसंग, असं विचारल्यावर ते लगेच बोलायला लागले. मित्राच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. संघाच्या खुर्च्या, माइकचा स्टँड, दाराची कडी, काहीही ढिलं दिसलं की हे गृहस्थ वाकून बसलेले. “तो गेल्यापासून कडी लागत नाही. सुतळीनं बांधतो.”

पुढच्या वेळी काका आले ते सांगायच्या घाईतच. वहिनींना कडीचं सांगितलं तर त्या आधी हसल्या. म्हणाल्या, “संघाची कडी नीट केली काय? आमच्या मोरीची चार वर्षं तशीच आहे.” मग रडल्या. मग चहा केला. “तेराव्यानंतर माझ्यासमोर यांचं नाव कुणी घेतलं नाही,” असं म्हणाल्या. मुलगा-सून आईला त्रास नको म्हणून घेत नव्हते, आई मुलाला त्रास नको म्हणून. एका घरात तिघं एकमेकांना सांभाळत गप्प बसलेली.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. वहिनी संघात येत नव्हत्या ते दुःखामुळे नव्हे. त्यांचं सभासदत्व दांपत्य म्हणून होतं. नवरा गेल्यावर ते संपलं, असं त्यांनी धरून चाललं होतं, आणि कुणी तसं नाही म्हणून सांगायला आलं नव्हतं. (संस्था चालवणाऱ्यांनी आपापली नियमावली जरूर उघडून बघावी.)

सगळीकडे असं जमलं नाही. एका मुलानं फोनवर सांगितलं, “बाबांबद्दल काही छापू नका.” कारण दिलं नाही, काकांनी विचारलं नाही. त्या जागी फक्त नाव आणि तारखा गेल्या. आठवण न काढू देणं हाही घरच्यांचा हक्क आहे.

सर्वांत जास्त खल झाला तो एका तापट सभासदाच्या परिच्छेदावर. हे दर वार्षिक सभेत हिशेबावरून उभे राहायचे आणि काकांचा पाणउतारा करायचे. ‘गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये’ म्हणून समितीला पुन्हा ‘मनमिळाऊ’च हवं होतं. काका अडून बसले. त्यांनी लिहिलं की हे सभेत बोलायला उठले की मला घाम फुटायचा, आणि त्यांच्या धाकानं मी प्रत्येक पावती जपली. समितीनं घामाचं वाक्य काढलं, पावतीचं ठेवलं. माझ्या मते घामाचंही राहायला हवं होतं. माणूस होता तसा आठवला तर त्याच्याशी असलेलं भांडणही मिटवता येतं. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाशी ते करता येत नाही.

स्वतःच्या मरणाची भीतीही होतीच. “पुढच्या वर्षी त्या पानावर मी असलो तर?” मी म्हटलं, असाल तर काय राहून जाऊ नये? त्यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. त्या इथे सांगत नाही.

काही वेळा मात्र बोलण्यानं भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे आजारांचं वर्गीकरण दीर्घकालीन शोकविकार म्हणण्यासाठी किमान सहा महिने धरतं, तेही त्या समाजाच्या रीतीपेक्षा शोक बराच जास्त लांबला आणि तीव्र असला तर. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकषांत प्रौढांसाठी हाच काळ वर्षाचा आहे. पण मरणाचे विचार, जेवण सुटणं, औषधं घ्यायचं बंद करणं, यांपैकी काही दिसलं तर महिने मोजत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काका आता संघात जातात. झोप अजून मधेच मोडते. त्यांच्या लघवीच्या गोळीची वेळ रात्रीची आहे असं बोलता बोलता निघालं, म्हणून त्यांना ती बदलता येते का हे विचारायला त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे. वहिनींनी वार्षिक वर्गणी भरली, एकटीची, आणि पावती मागून घेतली.