माणसांचे फोटो नैसर्गिक यावेत म्हणून कॅमेऱ्याची कोणती सेटिंग ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, एपीएस-सी सेन्सरचा (उजेड टिपणारी चिप थोडी लहान असलेला) कॅमेरा आणि सोबत ५० मिमीची लेन्स घेतलीत, सगळ्यांनी सांगितलं म्हणून एफ/१.८ (आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) ठेवता, तरी आई-बाबांचे फोटो पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ येतात. शिवाय ८५ मिमीची लेन्स घ्यावी का, असंही विचारलंय.

सेटिंग सांगतोच. पण फोटो ताठ येण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. फोटो काढणारा मान खाली घालून डायल फिरवत बसतो आणि समोरचा तेवढा वेळ हसू धरून उभा राहतो. धरलेलं हसू फोटोत लगेच कळतं. म्हणून सेटिंग अशी हवी, की एकदा लावली की पुन्हा तिच्याकडे बघावंच लागू नये.

मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे लेन्स किती उघडायची ते तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा. एकट्या माणसासाठी एफ/२.८, दोघं शेजारी बसले असतील तर एफ/४ किंवा ५.६. तुमच्या कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून ५० मिमीची लेन्स एफ/१.८ ला ठेवली, तर जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर एवढाच पट्टा शार्प येतो. चेहरा जरा तिरका झाला की जवळचा डोळा स्पष्ट आणि पलीकडचा पुसट. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, ते) ऑटोवर टाका, वरची मर्यादा ३२०० ठेवा आणि त्याच मेनूत किमान शटर स्पीड (उजेड आत येण्याचा वेळ) १/२०० सेकंद करा. माणूस बोलत असतो, हात हलवत असतो. १/६० ला ते हात पुसट येतात. फोकस कंटिन्युअस (माणूस हलला की सोबत बदलणारा), डोळे ओळखण्याची सोय असेल तर चालू. फ्लॅश बंद. फाइल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) ठेवा, म्हणजे रंग नंतर सावरता येतो.

चालू फोटोत हात लावायचा तो फक्त एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनला, म्हणजे फोटो उजळ-गडद करणाऱ्या अधिक-वजा सेटिंगला. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो. आईची साडी पांढरी किंवा फिकट असली आणि फ्रेमभर तीच दिसत असली, की तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. तिथे अधिक दोन तृतीयांश द्या. मागे गडद दरवाजा असेल तर उलट, थोडं वजा. स्क्रीनवर चेहऱ्याची त्वचा बघा, बाकीचा फोटो नाही. आणि फोनमधलं किंवा कॅमेऱ्यातलं ब्यूटी मोड कृपा करून बंद करा. सावळा माणूस सावळाच दिसायला हवा. कपाळावरच्या रेषा पुसल्या, की ते तुमचे बाबा उरत नाहीत.

आता उजेड. माझ्या मते अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं. ठाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि कोणतीही सेटिंग ते डोळे उजळवत नाही. उपवनला किंवा तलावपाळीला जायचं तर सकाळी लवकर जा. पावसाळ्याला लोक नावं ठेवतात, पण ढगांतून गाळून येणारा मऊ उजेड चेहऱ्यासाठी वर्षातला सर्वांत चांगला. येऊरला झाडीखाली मात्र जपून. पानांचा हिरवा रंग हनुवटीखाली, गळ्यावर चढतो आणि माणूस आजारी दिसतो.

जांभळी नाक्याच्या बाजारात हेच निळ्या ताडपत्रीमुळे होतं. तिथे गजरे विकणाऱ्या एका आजींचा फोटो मी त्यांना विचारून काढला. आधी त्या ताडपत्रीखाली आत बसल्या होत्या, गाल निळसर दिसत होते. व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा सावरणारी सेटिंग) बदलून बघितला, तर गाल सुधारले आणि बाहेरचा रस्ता पिवळा झाला. मग त्यांना टोपलीसकट हातभर पुढे, ताडपत्रीच्या कडेला सरकायची विनंती केली. समोरच्या मोकळ्या रस्त्याचा उजेड थेट चेहऱ्यावर आला, दोन्ही डोळ्यांत पांढरा ठिपका चमकला. त्या दोरा दातांत धरून कळ्या ओवत राहिल्या, माझं अस्तित्व विसरल्या. तेवढ्यात कोणीतरी भाव विचारला आणि त्यांनी मान वर केली. मला हवा होता तो फोटो तो.

घरी हेच खिडकीपाशी करा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या. आईला खिडकीकडे जरा तिरकं बसवा आणि हातात काम द्या, मेथी निवडणं, वाती वळणं, काहीही. बाबांना पेपर द्या. ‘हसा’ असं अजिबात म्हणू नका. त्यांच्या लग्नात जेवायला काय होतं ते विचारा आणि दोघांचं एकमत होईपर्यंत शटर दाबत राहा.

अंतराचं एवढंच, की दीड-दोन मीटरच्या आत शिरू नका. फार जवळून काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हे लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होतं. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स) १८ मिमीवर ठेवून चेहरा फ्रेमभर घ्यायला गेलं की माणूस आपोआप जवळ जातो, म्हणून तिच्यावर दोष येतो. फोन वापरत असाल तर दोन पट झूम करून मागे सरका.

८५ मिमी आत्ता घेऊ नका. तुमची ५० मिमीच फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ७५-८० मिमीइतकी दिसते, चेहऱ्यासाठी उत्तम. ८५ घेतलीत तर ती १३० च्या आसपास जाईल, आणि आपल्याकडच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकली तरी आई-बाबा दोघं एका फ्रेममध्ये मावणार नाहीत. त्या पैशांत त्यांच्या फोटोंचे चांगल्या लॅबमधून मोठे प्रिंट काढून घ्या.