साडेआठ लाखांत २०१२ ची मर्सिडीज ई २५० सीडीआय मिळते आहे. घ्यावी का? वर्षाला खर्च किती येईल?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: गाडी दिल्ली पासिंगची, मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर, डीलर साडेआठ लाख सांगतोय आणि तुमची सगळी ऐपत नऊ लाखांची आहे. तुम्ही साताऱ्याला राहता, रोजचं जाणं-येणं दहा-बारा किलोमीटरचं, अधूनमधून पुणे.

मी पुण्यात जुन्या जर्मन गाड्या घेण्याआधी तपासून देण्याचं काम करतो. ही गाडी मला मनापासून आवडते. खंबाटकी घाटात तिचं ५०० न्यूटन-मीटरचं टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, काय चीज आहे ते चालवल्यावरच कळतं. तरीही या भावात घेऊ नका. साडेआठ गाडीला गेले की हातात पन्नास हजार उरतात, आणि तेवढ्यात तिचं पहिलं वर्षसुद्धा निघणार नाही.

नवी असताना ही गाडी चाळीस लाखांच्या वर होती. आज ती पाचव्या हिश्श्यात मिळते, पण तिचा हेडलॅम्प, डिझेल फवारणारे इंजेक्टर, गिअरबॉक्समधलं कंट्रोल युनिट हे सगळं अजून चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने येतं. लोक हप्ता आणि डिझेलचा हिशेब मांडतात आणि नेमकं हेच धरत नाहीत.

सर्वात आधी विमा बघा, कारण त्याबद्दल डीलर चकार शब्द काढत नाही. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, आणि गाडी दहा वर्षांपुढची असली की धातूच्या भागांवरही ५० टक्के. काच तेवढी पूर्ण मिळते. म्हणजे बंपर फुटला, हेडलॅम्प गेला, बोनेट वाकलं, तर पार्ट्सचे निम्मे पैसे तुमचे. दुसरं असं की दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला तर कंपनी गाडी टोटल लॉस धरते. सहा लाखांच्या आयडीव्हीला ही रेषा साडेचार लाखांवर येते. समोरून ठोकर बसून दोन एअरबॅग उघडल्या की ती ओलांडायला फारसं काही लागत नाही. नुसता थर्ड पार्टी घेतलात तरी १५०० सीसीवरच्या गाडीला २०२२ चा दर ७,८९७ रुपये आहे, वर जीएसटी.

आता इंजिन. २१४३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल, कंपनीचा कोड ओएम ६५१. धडधाकट आहे, नीट सांभाळलं तर तीन लाख किलोमीटर सहज जातं. पण टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन आणि तिचे गाइड नीट बदलायचे तर इंजिन-गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, त्यामुळे पार्ट्सपेक्षा लेबर जड पडतं. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्येही दीड-दोन लाख धरून चाला. म्हणून डीलरला सांगा, गाडी रात्रभर बंद ठेव, सकाळी मी आल्यावरच चावी लावायची. बोनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे याची खात्री करा. मग स्टार्ट करताना मागच्या बाजूने, फायरवॉलजवळून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), पहिल्या दोन-तीन सेकंदांत सुटी साखळी घासल्यासारखा खरखर आवाज येतो का ते ऐका. आला तर पुढचं काही बघू नका. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

याच इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत पिझो इंजेक्टर होते आणि ते बिघडायचे. पुढे कंपनीनेच सोलेनॉइड प्रकारचे बसवायला सुरुवात केली. तुमच्या गाडीत कोणते आहेत आणि कधी बदललेत ते अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसिस नंबर देऊन विचारा, सर्व्हिसची नोंद तिथे डिजिटल असते. चारही नवे घ्यायची वेळ आली तर लाखाच्या पुढे जाता. वॉटर पंपातून कूलंट झिरपणं हेही या इंजिनाचं नेहमीचं दुखणं आहे. आणि तुमची रोजची दहा किलोमीटरची फेरी डिझेलला मानवत नाही. इंजिन पुरतं तापत नाही आणि ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा भाग) आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये काजळी साचत जाते.

एक बिघाड असा आहे की गाडी जागची हलत नाही. चावी घातली की स्टिअरिंग कॉलममधून बारीक ‘घर्र’ ऐकू येतं, तो इलेक्ट्रिक लॉक उघडण्याचा आवाज. त्यातली छोटी मोटर झिजून थांबली की चावी फिरते, पण डॅशबोर्ड मुका आणि स्टार्टर गप्प. अशी गाडी टो करून पुण्याला न्यायची म्हणजे अर्धा दिवस गेला. नवा भाग गाडीच्या संगणकाशी जुळवून, म्हणजे कोड करून, घ्यावा लागतो, म्हणून महाग. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून आणून नुसता जोडला तर चालत नाही. बंपर, दरवाजा, आरसा मात्र तिथून खुशाल आणा.

आपल्या रस्त्यांवर पुढच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश लवकर जातात. तो खर्च झेपण्यासारखा आहे.

एकूण हिशेब माझ्या अंदाजाने असा: बाहेरच्या गॅरेजची सर्व्हिस, विमा, टायर-ब्रेकचा वाटा मिळून डिझेल सोडून वर्षाला लाखाच्या आसपास. एखाद-दोन वर्षांनी एक मोठं काम निघतंच. ते धरून सरासरी दीड लाख.

आता दिल्लीचं. हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरल्यावर तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं. अंमलबजावणीत पुढे-मागे झालं, तरी त्या धास्तीने तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. दिल्लीची म्हणून गाडी वाईट ठरत नाही, कागद मात्र नीट बघा. दिल्लीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) सातारा आरटीओच्या, एमएच-११ च्या, नावाने हवी. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार तुम्हालाच भरायचा आहे, तो आकडा सौद्याआधी काढून घ्या. २०२७ मध्ये गाडी पंधरा वर्षांची होईल. तेव्हा फिटनेस, पर्यावरण कर आणि आरसी नूतनीकरण हे सगळं एकदम येईल, आणि नूतनीकरणाची फीच २०२२ पासून ५,००० रुपये आहे. किलोमीटरबद्दल शंका असेल तर स्कॅनर लावून घ्या. मीटर मागे फिरवलेला असला तरी गाडीतल्या दुसऱ्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये खरा आकडा बऱ्याचदा शिल्लक असतो.

डीलर साडेसहापर्यंत उतरला, चेन शांत निघाली आणि एनओसी हातात आली, तर जरूर घ्या. उरलेले अडीच लाख बँकेत गाडीच्याच नावाने बाजूला ठेवा. गिअरबॉक्स ऑइल लाख-सव्वा लाख किलोमीटरला बदलायचं असतं, म्हणजे या गाडीची ती वेळ आलीच आहे. त्याची पावती मिळाली नाही तर घेतल्याबरोबर पहिलं काम तेच करा.