बँकेवर दरोडा पडला, की बँक फोडली?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आलाय. त्यांच्या गावातल्या मंडळात महिन्याकाठी एक चित्रपट दाखवतात आणि आधी त्याची मराठीत ओळख करून देतात. या खेपेला 'द बँक जॉब' हा २००८ सालचा इंग्रजी चित्रपट आहे. फलकावर त्यांनी लिहिलं, 'सत्य घटनेवरून प्रेरित दरोडापट'. त्यावर मंडळातले एक निवृत्त वकील म्हणाले, "ह्यात दरोडा खंय आसा?" ताई विचारतात: हाइस्टला, म्हणजे नीट योजना आखून केलेल्या अशा मोठ्या लुटीला, मराठीत काय म्हणायचं? 'दरोडा' चुकीचा आहे का? आणि 'घटनेवरून प्रेरित' बरोबर आहे का?

ताई, वकीलसाहेबांचं बरोबर आहे. मात्र त्यांच्या मनात कायद्याचं कारण असणार, माझं कारण भाषेचं आहे.

आधी घडलं काय ते पाहू, कारण शब्द त्यावरूनच ठरवायचा आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवरची लॉइड्स बँक लुटली गेली. चोरांनी बँकेपासून एक घर सोडून पलीकडचं चामडी पिशव्यांचं दुकान भाड्याने घेतलं. मधल्या उपाहारगृहाच्या खालून त्यांनी सुमारे ४० फूट भुयार खणलं आणि शनिवार-रविवारची सुट्टी साधून ते खालून स्ट्राँगरूममध्ये शिरले. समोरच्या गच्चीवर त्यांचा एक माणूस वॉकीटॉकी घेऊन बसला होता. त्याचं बोलणं रॉबर्ट रोलंड्स नावाच्या एका रेडिओ हौशीला घरात ऐकू आलं. त्याने ते ध्वनिमुद्रित करून पोलिसांना कळवलं, पण ही कुठली बँक ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पोलीस त्या भागातल्या बँका तपासत या बँकेपाशीही आले. स्ट्राँगरूमचं दार कुलूपबंद, जसंच्या तसं. ते परत गेले. सोमवारी दार उघडलं तेव्हा लॉकर फुटलेले होते.

या सगळ्या प्रकारात कुणी कुणावर पिस्तूल रोखलं नाही. कुणाला बांधून घातलं नाही. दोन दिवस बँकेला पत्ताही नव्हता.

आता 'दरोडा' या शब्दाकडे या. जुन्या लेखनात तो 'दरवडा' असाही भेटतो, आणि 'दरवडेखोर'ही. (नवनीताचं लोणी आणि लवणाचं लोण होताना 'अव'चा 'ओ' होतो, तसंच इथे.) या शब्दाची चाल पाहा: दरोडा पडतो, दरोडा घालतात, आणि तो नेहमी कुणा'वर' तरी असतो. धाड पडते, छापा पडतो, झडप पडते, त्याच ओळीतला हा शब्द. पडणारी वस्तू वरून येते, ज्याच्यावर पडते त्याला ती समजते. म्हणून दरोड्यात समोर कुणीतरी भेदरलेला माणूस लागतो. चोरी मात्र 'होते'. सकाळी उठून कळतं की झाली.

कायद्यानेही हाच भेद धरलाय, वर त्यात एक आकडा घातलाय. चोरी करताना इजा केली, अडवून ठेवलं किंवा भीती घातली की ती 'जबरी चोरी', आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो 'दरोडा'. भारतीय दंड संहितेत हे ३९० आणि ३९१ ही कलमं सांगत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ आणि ३१० सांगतात. म्हणजे पाच काय, पंधरा जणांनी गुपचूप चोरी केली तरी कायद्याच्या लेखी दरोडा होत नाही. आपल्याकडे १९६१ पर्यंत जो पोर्तुगीज कायदा होता, त्यातही फुर्तु आणि रोबु असे दोन वेगळे गुन्हे होते, निव्वळ चोरी आणि जबरदस्तीची चोरी. गोव्यातल्या जुन्या वकिलांच्या कानाला हा फरक लगेच खटकतो, त्याचं मला नवल वाटत नाही.

तरी पाचाचा आकडा मी बोलण्यात आणणार नाही. ब्रुकलिनमध्ये ऑगस्ट १९७२ मध्ये तिघे बँकेत शिरले, त्यातला एक लगेच पळाला, उरलेल्या दोघांनी कर्मचाऱ्यांना तासन्‌तास ओलीस धरलं. त्यावर 'डॉग डे आफ्टरनून' हा १९७५ चा चित्रपट आहे. तिथे दोघेच होते म्हणून 'जबरी चोरीपट' म्हणा, असं मी कुणालाही सांगणार नाही. उघडउघड, धाक घालून लुटणं याला मराठी माणूस दरोडाच म्हणतो आणि त्याने तसंच म्हणावं. पण बेकर स्ट्रीटला धाकच नाही. तिथे दरोडा हा शब्द बातमीला वजन यावं म्हणून येतो, आणि त्यापायी एक नेमका शब्द आपण हातचा घालवतो.

तो शब्द म्हणजे 'फोडणे'. तुम्ही फोंड्यात राहता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. देवळातली फंडपेटी चोरांनी नेली तर दुसऱ्या दिवशी वाड्यावर लोक काय म्हणतात? फंडपेटी फोडली. दुकान फोडलं, कपाट फोडलं, एटीएम फोडलं. फंडपेटीवर दरोडा पडला असं कुणाच्या तोंडी येत नाही. कोकणीतही क्रियापद हेच, त्यामुळे गोव्यात हा शब्द दोन्ही भाषांचा आधार घेऊन उभा आहे. आणि 'घरफोडी' हा तर कायद्याचाही शब्द आहे. गंमत म्हणजे तिथे 'घर' या शब्दात मालमत्ता ठेवायची इमारतही येते, आणि घरफोडीचे जे प्रकार दिलेत त्यांतला पहिलाच आहे गुन्हेगाराने स्वतः केलेल्या वाटेने आत शिरणं. भुयाराचं याहून चपखल वर्णन कुठे मिळणार? तेव्हा माझं उत्तर: 'बँकफोडी'. घरफोडीच्या साच्यातून सहज निघालेला शब्द आहे, ऐकताक्षणी कळतो.

ही कलाही आपल्याला नवी नाही. जत्रेतल्या संगीत नाटकांवर वाढलेल्या गोंयकाराला शर्विलक आठवेल. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तो चारुदत्ताच्या भिंतीपाशी उभा राहून विचार करतो: पक्क्या विटा उपटाव्या, कच्च्या कापाव्या, मातीच्या भिंतीवर पाणी शिंपडावं, लाकूड चिरावं. मग भोकाचा आकार कसा असावा? उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक... शेवटी पूर्णकुंभ ठरतो. मोजायला दोरी विसरलेली असते म्हणून गळ्यातलं जानवं वापरतो. आणि नेतो काय, तर वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने. लॉकरच फोडला म्हणा ना! या कामाला संस्कृतात 'संधिच्छेद' म्हणत, हिंदीतलं 'सेंध' त्याच संधीचं. मराठीने ती संधी घेतली नाही, फोडणं घेतलं. मला ते जास्त आवडतं, त्यात आवाज आहे.

खुद्द हाइस्ट शब्दाचं मूळ 'हॉइस्ट', म्हणजे वर उचलणे. अमेरिकेतल्या चोरांच्या बोलीत तो आला आणि उच्चार बदलून रुळला. आपल्याकडे हुबेहूब तीच कल्पना 'उचलेगिरी'त आहे. पण दोघांची नशिबं वेगळी. त्यांचा शब्द उचलता उचलता बँकेपर्यंत गेला, आपला उचल्या बाजारातल्या गर्दीतच राहिला. मुळाशी जाऊन भाषांतर करणं दर वेळी उपयोगाचं नसतं, ते असं.

आता 'प्रेरित'. 'घटनेने प्रेरित' व्याकरणात बसतं. 'वरून प्रेरित' मात्र 'वरून सुचलेला' आणि 'ने प्रेरित' यांची खिचडी आहे. शिवाय प्रेरणा म्हटलं की काहीतरी उदात्त डोळ्यासमोर येतं, चोरीची कसली प्रेरणा! 'आधारित' चालेल, पण सगळा भार घटनेवर आहे असं ते सांगतं. या चित्रपटात भुयार, दुकान, रेडिओवरचं बोलणं खरं आहे, पण राजघराण्यातल्या छायाचित्रांचं जे कथानक त्याभोवती गुंफलंय ते सिद्ध झालेलं नाही. अशा वेळी मराठीत एक सुरेख शब्द आहे: 'बेतलेला'. बेतणं शिंप्याचं. कापड खरं, माप आणि काट दिग्दर्शकाची. त्यात 'बेत' म्हणजे योजना, ती तर अशा चित्रपटाचा जीवच.

उलटंही होतं, बरं का. केरळात चेलेंब्रा इथे २००७ च्या अखेरीस चोरांनी बँकेखालची जागा हॉटेल काढायचं सांगून भाड्याने घेतली, छताला भोक पाडून वरच्या बँकेत शिरले आणि सुमारे ८० किलो सोनं नेलं. कल्पना एका हिंदी चित्रपटावरून सुचली असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. ही चित्रपटावर बेतलेली बँकफोडी.

तेव्हा फलकावर लिहा: 'सत्य घटनेवर बेतलेला बँकफोडीचा चित्रपट'.

तुम्ही ओळखीचा मसुदाही पाठवलाय, त्यात दोन ठिकाणी थांबलो. 'चोरांनी सुरुंग खणला' असं आहे. हिंदीत सुरंग म्हणजे भुयार, मराठीत सुरुंग लावतात आणि उडवतात, आपल्या चिऱ्याच्या आणि लोहखनिजाच्या मुलखात तर हे पोरालाही ठाऊक. भुयार खणलं म्हणा. (बेकर स्ट्रीटला स्ट्राँगरूमचा तळ शेवटी स्फोटकांनी फोडावा लागला, म्हणजे सुरुंगही लागला, पण तो भुयाराच्या टोकाला.)

दुसरं, गच्चीवरच्या त्या माणसाला तुम्ही 'राखणदार' म्हटलंय. तेवढं बदला. गोव्यात राखणदार म्हणजे गावसीमेवरचा देव, ज्याला नारळ ठेवतात, रोट देतात. चोरांसाठी रस्त्यावर नजर ठेवणारा तो टेहळ्या.