दिवाळीत होई आनला जाऊ नकोस

प्रिय पोरी,

तुझा निरोप मिळाला. ऑक्टोबरअखेर ऑडिटची रिटर्नं भरून झाली की दोन आठवडे रजा, हानॉयपासून सायगावपर्यंत व्हिएतनामचा अख्खा किनारा, आणि शेवटी एका ओळीत प्रश्न : "सर, बेस्ट महिना कुठला?" सह्याद्रीचा छेद मी फळ्यावर किती वेळा काढला असेन! तो आठवला असता तर हा प्रश्न तू असा विचारला नसतास. पण तू कॉमर्सला गेलीस, तेव्हा माफ.

त्या किनाऱ्याला एक महिना नाही. नकाशावर तो एकसलग दिसतो, सव्वातीन हजार किलोमीटर, पण पावसाच्या हिशेबात त्याचे निदान तीन तुकडे आहेत, उत्तरेचा, मधला आणि दक्षिणेचा, आणि त्यांचं आपसात जमत नाही. एक भिजतो तेव्हा दुसरा कोरडा असतो. म्हणून आधी कुठला तुकडा हवा ते ठरव, मग कॅलेंडर उघड. आणि रजेची तारीख पक्कीच असेल तर उलट कर, तारखेला शोभेल तो तुकडा घे.

आता तो छेद पुन्हा काढतो. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, डोंगर पूर्वेला. जूनमध्ये नैऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो, चिपळूण बुडतं आणि पलीकडे माण-खटाव कोरडंच राहतं. व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात हेच चित्र आरशात बघ. डोंगर पश्चिमेला, ट्रुआंग सोन नावाची रांग, आणि समुद्र पूर्वेला. आपल्या पावसाळ्यात तिकडचा नैऋत्य वारा लाओसच्या अंगाला पाऊस टाकून डोंगर उतरतो, तो कोरडा आणि भाजणारा होऊन. तिथले लोक त्याला लाओसचा वाराच म्हणतात. ऑक्टोबरात वारा फिरतो. आता तो ईशान्येकडून समुद्रावरचं पाणी उचलून येतो आणि सरळ त्या डोंगरावर आपटतो. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो ना, त्याच्याच जातीचा हा वारा, फक्त इथे पाठीशी डोंगर उभा असल्याने मार फार मोठा. २६ जुलै २००५ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, ते आपण अजून विसरलेलो नाही. त्या मधल्या पट्ट्यातल्या ह्वे शहरात नोव्हेंबर १९९९मध्ये चोवीस तासांत १३८४ मिलिमीटर पडला होता.

आणि तू नेमकी दिवाळीनंतर निघणार आहेस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१७ला निवृत्त झालो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या काकूला घेऊन त्याच पट्ट्यातल्या होई आनला गेलो. एका एजंटने निम्म्या भावात हॉटेल दिलं होतं. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने त्या भावाचं कारण विचारायला हवं होतं, नाही विचारलं. ४ नोव्हेंबरला डॅमरे नावाचं वादळ दक्षिणेला खान्ह होआच्या किनाऱ्यावर आलं. आम्ही त्याच्यापासून कितीतरी वर, पण पाऊस आमच्याकडेही कोसळला आणि थू बोन नदी गावात शिरली. पिवळ्या भिंतींच्या ज्या गल्लीत आदल्या संध्याकाळी चहा घेतला होता तिथून दुसऱ्या दिवशी होडी गेली. आम्ही वरच्या मजल्यावर, काकूने आणलेले भाजके पोहे आणि लाडू. खालचं कुटुंब मात्र अजिबात गडबडलं नाही. फ्रीज, शिलाई मशीन, देव्हारा, सगळं वर. त्यांचा सराव बघूनच मला कळलं की हे दरवर्षीचं आहे. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात जवळच्या डा नांगला एपेकची, म्हणजे पॅसिफिक काठच्या देशांच्या आर्थिक गटाची, शिखर परिषद होती. पाणी उतरताच सगळं गाव झाडू घेऊन बाहेर आलं.

तर नोव्हेंबरातच जायचं असेल तर मधला पट्टा सोड. उत्तरेला 'हा लाँग' नावाचा उपसागर तेव्हा छान असतो, वादळं बहुतेक सरलेली, हवा कोरडी. सप्टेंबरपर्यंत मात्र त्या बाजूचा भरवसा नको. २०२४च्या ७ सप्टेंबरला यागी वादळ त्याच किनाऱ्यावर आलं होतं. हानॉय आणि हा लाँग करून विमानाने थेट दक्षिणेला फू क्वॉक बेटावर उतर, तिथला पाऊस नोव्हेंबरात आटोपत आलेला असतो. छान सहल होईल. फक्त तिला किनाऱ्याचा प्रवास म्हणू नकोस. तो दोन टोकांचा प्रवास, मधलं सगळं ढगांवरून.

पण तुझ्या निरोपात तीनदा होई आन आहे आणि हा लाँग एकदाच. म्हणून माझं मत विचारशील तर दिवाळीची रजा घरी घालव, आईला फराळाला मदत कर, आणि फेब्रुवारीत जा. एप्रिल सगळ्यांत चांगला हे मलाही माहीत आहे. तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळा किनारा बऱ्यापैकी कोरडा असतो, समुद्रही निवलेला. ३० एप्रिल आणि १ मेच्या त्यांच्या जोडसुट्टीत सगळा देश समुद्रावर लोटतो, त्याच्या आधी परतलं की झालं. पण मार्चअखेर आणि एप्रिलात तुझं ऑफिस तुला सोडणार नाही. जून ते ऑगस्ट तर मी सांगणारच नाही. मधल्या पट्ट्यात ऊन भाजून काढतं, त्यांच्या शाळांना सुट्ट्या, आणि तुझ्या डोक्यावर रिटर्नांची मुदत.

फेब्रुवारीत एकच अडचण, टेट. त्यांचं चांद्र नववर्ष. गणपतीत मुंबई रिकामी होऊन कोकणात लोटते तसं तिथलं प्रत्येक शहर गावाकडे धावतं. रेल्वेची तिकिटं आधीच संपतात, खाणावळी बंद, उघड्या असतात त्यांचे दर चढे. २०२७ला टेट ६ फेब्रुवारीला आहे. आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा सोड, १५च्या आसपास डा नांगला उतर. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, तेव्हा चार दिवस मागेपुढे झाले तरी बिघडत नाही.

मग असं कर. डा नांगहून आधी रेल्वेने ह्वेला. शंभर किलोमीटरच आहे, पण गाडी डोंगराच्या कडेने समुद्रावरून जाते. ह्वेला जाताना उजव्या हाताची खिडकी धर. रस्त्याने गेलीस तर २००५मध्ये झालेला बोगदा टाळून हाय वान घाटाने जा. नावाचा अर्थच समुद्रावरचे ढग. उंची जेमतेम ४९६ मीटर, आपल्या आंबोलीहूनही कमी, पण थंडीत उत्तरेचा गारवा तिथे अडतो. ह्वेच्या बाजूला स्वेटर आणि रिपरिप, घाट उतरून डा नांगला आलं की ऊन. माझ्या चाळीस वर्षांच्या फळ्यापेक्षा तो एक घाट जास्त शिकवतो. दुचाकी स्वतः चालवू नकोस. तिथे मागे बसवून नेणारे 'इझी रायडर' मिळतात, तेवढं पुरे.

होई आनला १९ तारखेला पोहोच. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री तिथे विजेचे दिवे मालवून कंदील लावतात, आणि त्या महिन्यात ती रात्र १९ला येते. आपली माघी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी. पहिल्या महिन्याची पौर्णिमा त्यांच्याकडे मोठी, त्यामुळे गर्दी होईल, ती सोस. तुझ्यासाठी आणखी एक फायदा आहे. प्रतिपदा आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ बौद्ध लोक शाकाहार करतात. पाटीवर 'चाय' लिहिलेलं दिसलं तर तो आपला चहा नव्हे, शाकाहार. एरवी भाजीतही माशाचा सॉस असतो, त्या दिवशी निर्धास्त जेव. दुसऱ्या सकाळी लवकर 'मी सोन' नावाच्या ठिकाणी जा. तिथे पूर्वी राज्य करणाऱ्या चाम लोकांच्या राजांची शिवमंदिरं आहेत. २०२०मध्ये तिथे काम करणाऱ्या आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं.

पुढे दक्षिणेला क्वी न्यॉन, मग न्या ट्रांग. फेब्रुवारीत डा नांगला पोहायचा हट्ट नको, पाणी गार आणि लाटा जड. दक्षिणेला सरकत जाशील तसा समुद्र माणसात येतो. न्या ट्रांग मला आवडलं नाही, उंच हॉटेलांची भिंत आहे नुसती. त्यापेक्षा फान रांगला दोन रात्री दे. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, देशातला सगळ्यांत कोरडा कोपरा. समुद्रकाठी द्राक्षबागा आणि मेंढरं बघून तुला माणची आठवण येईल. टेकडीवर पो क्लोंग गाराई या चाम राजाच्या नावाचे विटांचे मनोरे आहेत, तिथले हिंदू चाम अजून तिथे पूजा करतात. पुढे 'मुई ने' गावात वारा इतका असतो की पतंगाला बांधून लाटांवर पळणाऱ्यांची चैन होते, पोहणाऱ्यांची नाही. एक रात्र, मग सायगाव.

हा लाँग राहिलं म्हणून हळहळू नकोस. ते पुढच्या नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन कर. बोटीत बसून बघायची जागा आहे, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल.

होई आनला टान की नावाचं जुनं घर आहे. आत भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षांसकट लावल्यात. १९६४ची शोध, तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढ आणि मला पाठव. काकूचा पैजेवर दावा आहे की ती खूण तुझ्या डोक्याच्या वर जाईल.

तुझे,
सर

ता. क. रजेचा अर्ज डिसेंबरातच टाक. फेब्रुवारीत सगळ्यांची लग्नं असतात.