नोटरी केलेला करार, थकलेले भाडे आणि बँकेचा हप्ता

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा : चिंचवडमध्ये त्यांची एक बेडरूमची सदनिका आहे, तिच्यावर गृहकर्ज असून महिन्याचा हप्ता ३१,००० रुपये आहे. दुसरी सदनिका तळेगावला असून तिच्यावर कर्ज नाही. चिंचवडची सदनिका त्यांनी पंधरा महिन्यांपूर्वी अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना) दरमहा १८,००० रुपयांनी दिली. अनामत ६०,००० रुपये होती, त्यांपैकी ४५,००० बँकेतून आणि १५,००० रोख घेतले. एजंटच्या सांगण्यावरून करार पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे केला, नोंदवला नाही. मुदत संपून चार महिने झाले. राहणारे गृहस्थ घर सोडत नाहीत, पैसेही देत नाहीत, आणि आता ‘मी तुमचा भाडेकरू आहे, भाडे १२,००० ठरले होते आणि अनामत दीड लाख दिली होती’ असे म्हणतात. दोन हप्ते परत गेले आहेत. घराला कुलूप लावावे का, पाणी-वीज बंद करावी का, की मेहुण्यांच्या सल्ल्याप्रमाणे हप्तेच थांबवावेत म्हणजे बँक त्या गृहस्थांना बाहेर काढील, असे वाचकाने विचारले आहे. तळेगावच्या सदनिकेवर कर्ज काढून आणखी एक घर भाड्यासाठी घेण्याचाही त्यांचा विचार आहे.

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र आणि सोबतच्या प्रती काळजीपूर्वक वाचल्या. आपल्याला ताबा मिळणारच नाही अशी ही परिस्थिती नाही, परंतु सोपा असलेला मार्ग आपण एक हजार रुपये वाचवण्यासाठी स्वतःच अवघड करून घेतला आहे, हे आरंभीच स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज भारतीय नोंदणी कायद्यातून आला आहे, कारण त्या कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टाच सक्तीने नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मग तो तीन महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा, लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाही गेला पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही सांगितली आहे. नोटरीचा शिक्का हा नोंदणीला पर्याय नाही. तो शिक्का फार तर सह्या कोणी केल्या एवढेच सांगतो. आपल्या करारावरचे मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या दराने, म्हणजे अकरा महिन्यांचे १,९८,००० आणि अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेले अकरा महिन्यांचे व्याज ५,५०० रुपये यांच्या बेरजेवर, पाचशे नऊ रुपयांच्या आसपास येते. म्हणजे मुद्रांक आपण जवळजवळ पुरा भरला होता, आणि एजंटने वाचवले ते महापालिका हद्दीतील नोंदणीचे एक हजार रुपये. जे थोडे शुल्क कमी पडले आहे, ते दंडासह भरल्याशिवाय न्यायालय तो कागद पुराव्यात घेणार नाही, म्हणून तेही आताच उरकून घ्यावे.

खरी अडचण याच कलमाच्या पुढच्या भागात आहे. करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे मानले जाते, जोपर्यंत त्याच्या विरुद्ध सिद्ध होत नाही. समोरच्या गृहस्थांना हे कोणीतरी समजावून सांगितलेले दिसते, कारण त्यांचे आकडे सहज सुचलेले नाहीत. आपल्या हिशेबाने चार महिन्यांचे ७२,००० येणे आणि अनामत ६०,०००, म्हणजे ते आपल्याला १२,००० देणे लागतात. त्यांच्या हिशेबाने येणे ४८,००० आणि अनामत दीड लाख, म्हणजे उलट आपणच त्यांना एक लाख दोन हजार देणे लागता. तथापि ‘विरुद्ध सिद्ध होत नाही तोपर्यंत’ हे शब्द आपल्या बाजूचे आहेत. अकरा महिने दर महिन्याला आपल्या खात्यात १८,००० रुपये जमा झाल्याचे उतारे आपल्याजवळ आहेत. बारा हजार ठरलेले असताना कोणी अकरा वेळा अठरा हजार पाठवत नाही. खात्याचा पूर्ण उतारा बँकेच्या शिक्क्यासह आजच घ्या, त्यांच्याशी झालेले व्हॉट्सॲपवरील सर्व संभाषण तारखांसह जतन करा, आणि तो मोबाइल संच विकू किंवा बदलू नका. रोख दिलेल्या १५,००० रुपयांचा उल्लेख फक्त त्या नोटरी केलेल्या कागदात आहे, म्हणून त्याची मूळ प्रत हातची जाऊ देऊ नका.

आता कुलूप लावण्याविषयी. ते करू नका, आणि पाणी-वीजही बंद करू नका. राहणाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध आणि कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. अत्यावश्यक सेवा तोडण्याला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नेही मनाई केली आहे. सोसायटीच्या अध्यक्षांना सांगून पाण्याची तोटी बंद करवणे हा त्याच मनाईला वळसा घालण्याचा प्रयत्न ठरतो आणि त्यात सोसायटीही अडकते. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांमध्ये घरमालकाची बाजू सर्वांत जास्त बिघडते ती रागाच्या भरात एका दुपारी उचललेल्या पावलामुळे. पोलिसांकडे जाण्यापूर्वी हेही लक्षात घ्या की, भाड्याने दिलेल्या घरात कोण राहते याची माहिती पोलीस ठाण्यात देण्याविषयी आयुक्तांचे आदेश वेळोवेळी निघत असतात आणि आपण ती दिल्याचे पत्रात दिसत नाही. ती आधी द्या.

ताब्यासाठी दोन वाटा आहेत. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, तेथे समोरच्या व्यक्तीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी मासिक शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. हा मार्ग जलद आहे, कारण लेखी करारात जे लिहिले आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. परंतु आपला करार नोंदवलेला नसल्याने समोरचे वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतील. दुसरी वाट म्हणजे अधिकारक्षेत्र असलेल्या न्यायालयात ताब्याचा दावा, ज्यात पुरावा, उलटतपासणी सगळे येते आणि वेळही अधिक लागतो. त्या गृहस्थांना न्यायालयाने खरोखरच भाडेकरू ठरवले, तर थकबाकीच्या कारणावरून दावा लावण्यापूर्वी कलम १५ नुसार मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते, आणि समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत त्यांनी थकलेली रक्कम द.सा.द.शे. पंधरा टक्के व्याजासह भरली तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही.

म्हणून या आठवड्यात वकिलामार्फत एकच नोटीस द्या, पण ती दोन्ही वाटांना पुरेल अशी लिहून घ्या. परवान्याची मुदत संपली असून तो पुढे चालू ठेवलेला नाही, हे त्यात मुख्य म्हणणे म्हणून यावे, आणि त्याला बाध न येता, पर्यायी म्हणणे म्हणून, थकबाकीची नेमकी रक्कम महिनावार मागावी, जेणेकरून पुढे वाद उपस्थित झालाच तर नव्वद दिवसांची मुदत आजपासूनच मोजली जाईल. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरही पाठवा. यापुढे त्यांनी काही रक्कम पाठवली, तर ‘मुदतीनंतरच्या वापराची भरपाई म्हणून, हक्कास बाध न येता स्वीकारली’ असे त्याच दिवशी लेखी कळवा. आपल्या सर्व संदेशांत ‘या महिन्याचे भाडे’ असेच लिहिलेले आहे. बोलीभाषेत सगळेच तसे म्हणतात, त्यामुळे केवळ त्या शब्दाने आपले नुकसान होईल असे मला वाटत नाही, परंतु आतापासून तो शब्द टाळलेला बरा.

याबरोबरच मी आपल्याला एक वेगळी गोष्ट सुचवतो, जी पहिल्यांदा ऐकताना आपल्याला रुचणार नाही. नोटिशीनंतर ते गृहस्थ बोलणीला आले, तर त्यांना तीन महिन्यांचा नवा लीव्ह अँड लायसन्स करार देऊ करा आणि तो या वेळी रीतसर नोंदवा. आता ही नोंदणी घरबसल्या, बोटांचे ठसे देऊन ऑनलाइन होते. जुना करार आता नोंदवता येणार नाही, कारण सही झाल्यापासून चार महिने आणि दंडासह आणखी चार महिने ही मुदत केव्हाच उलटली आहे. नव्या करारात पूर्वीचाही ताबा परवान्याचाच होता, शुल्क १८,००० होते, अनामत ६०,००० होती आणि ती थकबाकीत वळती झाली आहे, ही त्यांची कबुली स्पष्ट शब्दांत घ्या. जो माणूस आज पैसे देत नाही त्यालाच पुन्हा करार करून देणे उलटे वाटेल, परंतु तीन महिन्यांनंतरही त्यांनी घर सोडले नाही तर आपण कलम २४ खाली निर्णायक पुरावा हातात घेऊन उभे असाल. उरलेले बारा हजार यासाठी सोडावे लागले तरी सोडावेत, असे माझे मत आहे.

बँकेविषयीचा आपल्या मेहुण्यांचा सल्ला मात्र घातक आहे. नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ते थकले की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरते, त्यानंतर सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि मग बँक जो ताबा घेते तो आपल्याला परत देण्यासाठी नव्हे, लिलावासाठी. लिलावात बाजारभाव क्वचितच येतो आणि कर्ज फिटले नाही तर उरलेली रक्कम आपल्याच नावावर राहते. आपले दोन हप्ते गेले आहेत, म्हणजे तिसरा चुकवण्याची मुभा आपल्याला नाही. शाखेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. त्याआधी कर्जाच्या करारनाम्यातील घर भाड्याने देण्यासंबंधीचे कलम वाचा. बहुतेक करारनाम्यांत बँकेच्या पूर्वपरवानगीची अट असते, आणि ती आपण घेतली नसेल तर अर्जासोबतच खरी परिस्थिती कळवलेली चांगली. ‘मीच राहतो’ असे लिहून देऊ नका.

तिसऱ्या घराबद्दल आपण विचारले आहे, म्हणून थोडे आकड्यांचे सांगतो. आपण कळवल्याप्रमाणे चिंचवडच्या घराच्या वर्षाच्या ३,७२,००० रुपयांच्या हप्त्यांत व्याज सुमारे २,६०,००० आहे. घर वर्षभर भरलेले असले तरी येणारे भाडे २,१६,०००. त्यातून भरलेली घरपट्टी ९,००० आणि उरलेल्याच्या तीस टक्के सरसकट वजावट गेल्यावर १,४४,९०० राहतात, आणि व्याज वजा केल्यावर १,१५,१०० रुपयांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत घरमालमत्तेचा असा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो, नव्या करप्रणालीत येत नाही. आपण गेल्या वर्षी नवी प्रणाली निवडली आहे, म्हणजे ज्या करबचतीच्या भरवशावर आपण तिसरे घर घेऊ पाहता ती या प्रणालीत राहिल्यास आपल्याला मिळणारच नाही. तळेगावचे घर कर्जमुक्त आहे हीच सध्या आपली खरी गंगाजळी आहे. चिंचवडचा ताबा हाती येईपर्यंत ते तारण ठेवू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. थकलेले भाडे करपात्र उत्पन्नातून वगळायचे असल्यास, घर खाली करवून घेण्यासाठी आणि वसुलीसाठी आपण कायदेशीर पावले उचलली हे दाखवावे लागते, म्हणून नोटिशीची प्रत कर सल्लागाराकडेही द्या.

सोसायटी आपल्याकडून बिनवापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) म्हणून दरमहा दोन हजार घेते, असे आपण ओघात लिहिले आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर मोजले जात नाहीत. गेल्या पंधरा महिन्यांची बिले घेऊन सचिवांना लेखी हिशेब मागा आणि जादा घेतलेली रक्कम पुढील बिलांत वळती करण्याची विनंती करा. हप्त्याच्या ओढाताणीत तेवढाच हातभार लागेल.