मुधोळ हाउंड फ्लॅटमध्ये पाळता येतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात चौथ्या मजल्यावर टू बीएचके आहे, नवरा-बायको दोघंही नोकरीला जाता, घरी आई आणि सहा वर्षांची मुलगी असते. मुधोळ हाउंड घ्यावा की लॅब्राडोर?

मी जत तालुक्यात या कुत्र्यांतच वाढलो आणि पुढे त्यातलंच एक पुण्यात आणून पस्तावलो. तेव्हा उत्तर थोडं कडू लागलं तर समजून घ्या.

आमच्याकडे याला मुधोळ कुणी म्हणत नाही. कारवानी म्हणतात. मध्य आशिया, इराणकडच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री दख्खनेत उतरली म्हणून कारवान, असं त्या नावाबद्दल सांगतात. सलुकी या मध्यपूर्वेतल्या शिकारी कुत्र्याचा फोटो शेजारी ठेवून बघा, भाऊबंदकी लगेच दिसते. कानाशेपटीला रेशमी झालर असली की ती पश्मी. हा शब्दही फारसीच, पश्म म्हणजे लोकर. मुधोळ हे नाव आजच्या कर्नाटकातल्या त्या नावाच्या संस्थानामुळे चिकटलं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी गावोगावची चांगली जनावरं निवडून हा वंश जोपासला आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, ही गोष्ट त्या भागात अजून रंगवून सांगतात. गंमत अशी की केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर हे कुत्रं 'कॅरावान हाउंड' आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर 'मुधोळ हाउंड'. कुणी तुम्हाला या दोन वेगळ्या जाती सांगून दोन भाव सांगितले, तर चहा न घेता उठा.

2005 मध्ये टपाल खात्याने या कुत्र्याचं तिकीट काढलं, 2016 मध्ये लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी पिल्लं नेली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. त्यानंतर 'गावाकडून एक पिल्लू आण की' असे मलाच इतके फोन आले, की शेवटी मी उचलायचं बंद केलं. कौतुक झालं ते बरंच झालं. पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट कुणी सांगत नाही, की हे कुत्रं डोळ्याने शिकार करतं.

लॅब्राडोर, बीगल नाकाने जग ओळखतात. कारवानीचं लांब निमुळतं डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, हे सगळं माळावर ससा दिसला की तो नजरेआड व्हायच्या आत गाठण्यासाठी आहे. (सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका.) लांबवर काहीतरी हललं की त्याचे कान बंद होतात. तुम्ही कितीही हाका मारा. जतच्या माळावर याचं काही वाटत नाही, अर्ध्या तासाने ते आपलं आपण वस्तीवर येतं. पुण्यात रस्त्यापलीकडे मांजर दिसलं तर?

माझ्या कुत्र्याचं, हरण्या त्याचं नाव, तेच झालं. साडेसहा महिन्यांचा होता. सोसायटीच्या फाटकाबाहेर मांजर पळालं, त्याने मान मागे घेतली आणि गळपट्टा मोज्यासारखा निघून माझ्या हातात आला. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, हे जन्मभर बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण गावी त्यांना बांधतच कोण? एका रिक्षाचा धक्का लागला. पाय वाचला, पण टाके घालायचे होते. गुंगी देताना डॉक्टरांनी फार जपून मात्रा ठरवली, तेव्हा कळलं की अंगावर चरबी जवळपास नसल्याने आणि शरीर काही औषधं सावकाश पचवत असल्याने अशा कुत्र्यांना भूल देणं नाजूक काम असतं. बरा झाल्यावर त्याला काकांच्या वस्तीवर सोडून आलो. बायको महिनाभर धड बोलली नाही.

आता दुसरी बाजू. घरात त्याच्याइतकं शांत कुत्रं मी पाहिलं नाही. सकाळी मनसोक्त पळालं की दिवसभर पाय ताणून झोपणार. भुंकणं कमी, केस आखूड, अंगाला वास जवळजवळ नाही. पण त्याची माणसं दोन-तीनच. परक्याने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही, अंग आखडून बाजूला सरकतं. तुमच्या मुलीशी ते जुळवून घेईल, पण तिच्या वाढदिवसाला आलेल्या पंधरा पोरांचं काय करायचं, हा प्रश्न राहतो. शिवाय बरगड्या. तब्येतीने ठणठणीत कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच, आणि लिफ्टमध्ये रोज एक तरी काकू विचारतात, "अहो, याला खायला देत नाही का?" चिडून जास्त चारू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळाल्यावर जठराला पीळ पडायचा धोका असतो, आणि तसं झालं तर हातात तास-दोन तासच असतात.

लॅब्राडोरचं थोडक्यात. हे मूळचं न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचं कुत्रं, जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणारं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गेलं आणि तिथल्या अमीर-उमरावांनी ते बंदुकीने पाडलेले पक्षी न चावता आणून देण्यासाठी घडवलं. म्हणून चप्पल तोंडात घेऊन ते तुमच्याकडेच येतं, आणि माणसाशिवाय त्याला करमत नाही. पोरांशी उत्तम. पण केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारांतल्या एका लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्यावर जास्तच जीव टाकतात. ते टक लावून बघणार, आई पोळीचा तुकडा टाकणार, आणि दोन वर्षांत आधीच कमकुवत खुब्यांवर दहा किलो जास्तीचं ओझं.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती आईच. तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडणार, म्हणजे कुत्रं खरं तर त्यांचं होणार. दुपारी खाली नेणार त्या, साखळी त्यांच्या हातात. तीस किलोचं तरणं लॅब्राडोर समोर कबुतर बघून ओढ घेतं, तेव्हा पासष्टीच्या मनगटाचं काय होतं, हे मी शेजारी बघितलंय. त्यांना विचारलंत का?

मी तुमच्या जागी असतो तर निवारा केंद्रातून दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं गावठी कुत्रं आणलं असतं. पिल्लू नको. मध्यम अंगाचं, आखूड केसांचं, आपल्या उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं. एकच की ते दाराशी आलेल्या प्रत्येकावर भुंकणार. कुरिअरवाल्याशी ओळख करून द्यावी लागेल. (हस्कीचं नाव घरात निघालं असेल तर तो विषय आजच मिटवा. सायबेरियातल्या चुकची लोकांचं गाडी ओढणारं कुत्रं एप्रिलमधल्या पुण्यात एसीत कोंडायचं, यात हौस कुणाची भागते?)

एवढं वाचूनही मुधोळच हवा असेल, आणि पहाटे कुंपण घातलेलं मैदान रोज मिळणार असेल, तर निदान पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा. ती परक्याला बघून कोपऱ्यात थरथरत असेल तर पिल्लूही बुजरं निघायची शक्यता बरीच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तो कागद मागा. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटक सरकारचं या जातीचं संशोधन केंद्र आहे. एकदा तिथे जाऊन मोठी, वाढलेली कुत्री पळताना बघून या, आईलाही घेऊन. डिसेंबरसाठी एक झूल शिवून ठेवा, थंडीत ती कुडकुडतात. आणि गळपट्टा चार बोटं रुंद, ओढल्यावर आवळणारा घ्या. साधा चालत नाही.